पाचवी ते आठवीच्या मुलांचं भाषण आणि वादविवाद लिहायचं कसं, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

जुलै उजाडला की शाळेच्या ग्रुपवर मेसेज पडतो, "१ ऑगस्टनिमित्त वक्तृत्व स्पर्धा, इच्छुकांनी वर्गशिक्षकांकडे नावे द्यावीत, वेळ ३ मिनिटे", आणि मग घरोघरी आई-बाबा "लोकमान्य टिळक भाषण मराठी" असं सर्च करत बसतात. पहिलं जे निघतं तेच वहीत उतरतं, पोरगं ते घोकतं, आणि स्पर्धेच्या दिवशी एकाच वर्गातली चार मुलं एकामागून एक तेच भाषण म्हणून दाखवतात, त्याच शेंगा, तीच टरफलं, तोच जन्मसिद्ध हक्क. मी मराठी शिकवते आणि अधूनमधून परीक्षक म्हणून बसायला बोलावतात, तिसऱ्या वेळी शेंगा आल्या की शेजारच्या परीक्षकांचा चहाचा कप आपोआप वर जातो.

ज्यांच्या घरी मूल पहिल्यांदा नाव देऊन आलंय, किंवा जे शिक्षक नवीन लागलेत आणि "तुम्ही मराठीचे ना, मग मुलांची तयारी तुम्हीच घ्या" असं ज्यांच्या गळ्यात पडलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. सातवी-आठवीची मुलं स्वतः वाचत असतील तर फारच छान. माझं म्हणणं सरळ आहे, भाषण मुलाने आधी बोलायचं आणि मग लिहायचं, मोठ्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. बाकी सगळं त्यातूनच येतं.

आधी सूचना नीट वाचा

हसू नका, अर्धे गुण इथेच जातात. वेळ किती, गट कुठला, विषय दिलेला आहे की चारपैकी एक निवडायचाय, कागद हातात चालतो का, गुण कशाकशाला आहेत. बहुतेक ठिकाणी विषयाची मांडणी, भाषा, आवाज-उच्चार, हावभाव आणि वेळेचं भान असे भाग असतात, पण प्रत्येक ठिकाणी विभागणी वेगळी असते म्हणून विचारून घ्या, विचारलं की शिक्षक सांगतात.

वेळेचं गणित असं धरा. या वयाचं मूल स्टेजवर नीट समजेल असं बोललं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणजे ३ मिनिटांना तीनशे, आणि मध्ये श्वास, थांबणं, टाळ्या वगैरे धरून लिहायचे अडीचशे ते पावणेतीनशेच. फुलस्केपचं दीड पान. घरी आलेलं पहिलं लिखाण हमखास चार पानांचं असतं आणि मग "बाळा जरा फास्ट बोल" सुरू होतं. फास्ट नको, पानं कमी करा.

अख्खं चरित्र नको, एक प्रसंग घ्या

जयंती-पुण्यतिथीच्या भाषणाचा घोळ इथेच असतो. जन्म कुठे झाला, आईचं नाव काय, वडिलांचं नाव काय, शिक्षण, कार्य, मृत्यू, हे सगळं तीन मिनिटांत कोंबायचं म्हणजे रेल्वेचं टाइमटेबल वाचून दाखवल्यासारखं होतं. ऐकणाऱ्याच्या डोक्यात काहीच राहत नाही, आणि गंमत म्हणजे बोलणाऱ्याच्याही नाही, म्हणून तर तो मध्येच अडकतो.

आपण ३ जानेवारीचं उदाहरण घेऊ, सावित्रीबाई फुल्यांची जयंती, जवळपास प्रत्येक शाळेत भाषणं असतात. नेहमीचं भाषण असं सुरू होतं, "सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला." माहिती बरोबर आहे पण ही ओळ तिथल्या प्रत्येक मुलाकडे आहे. त्याऐवजी मुलाला त्यांच्या आयुष्यातला फक्त शेवटचा भाग वाचायला द्या. १८९७ सालचा प्लेग, वय ६६, मुंढव्याला एक आजारी मुलगा आहे असं कळल्यावर त्या स्वतः गेल्या, त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं, तिथे त्यांचा मुलगा डॉ. यशवंत रुग्णांवर उपचार करत होता, त्यात त्यांनाच प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

वाचून झालं की पुस्तक बंद करा, मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू करा आणि विचारा, यातलं तुला काय लक्षात राहिलं? घाई नको. सुरुवातीला मूल पुस्तकी बोलेल, "त्यांचे कार्य महान होते" वगैरे, तेव्हा परत विचारा, महान म्हणजे काय केलं नेमकं? तू असतीस तर गेली असतीस का? दोन-तीन प्रश्नांनंतर खरं बोलणं बाहेर येतं. सहावीतली एखादी मुलगी साधारण अशी बोलेल, "म्हणजे त्यांना माहिती होतं ना की प्लेग आपल्याला पण होईल, तरी पण उचललं. आमच्या वर्गात कुणाला सर्दी झाली तरी आम्ही बाक बदलतो."

झालं, भाषण मिळालं. बाकावरची ती ओळ कुठल्याही वेबसाइटवर नाही, एआयला विचारलं तरी तो देणार नाही, कारण ती त्या मुलीच्या वर्गातली आहे. आता रेकॉर्डिंग ऐकत तिलाच उतरवायला लावा. उतरवलेलं काहीसं असं होईल:

"साल १८९७. पुण्यात प्लेग पसरलाय. लोक घरं सोडून गावाबाहेर राहायला गेलेत. अशा वेळी ६६ वर्षांची एक बाई मुंढव्याला जाते, एका आजारी मुलाला पाठीवर घेते आणि दवाखान्याच्या दिशेने चालायला लागते. मित्रमैत्रिणींनो, आमच्या वर्गात कुणाला नुसती सर्दी झाली तरी आम्ही बाक बदलतो. त्या बाईंनी बाक बदलला नाही. त्यांचं नाव सावित्रीबाई फुले."

नाव शेवटी आलंय ते बघा. खरं तर सगळ्यांना माहितीच असतं कुणाबद्दल चाललंय, फळ्यावर विषय लिहिलेला असतो, तरी पण सभागृह कान टवकारतं. यानंतर मागे जाता येतं, की याच सावित्रीबाईंनी ४९ वर्षं आधी, १८४८ मध्ये भिडेवाड्यातल्या मुलींच्या शाळेत शिकवायला सुरुवात केली, रस्त्याने जाताना लोक अंगावर शेण-चिखल टाकायचे म्हणून सोबत दुसरी साडी ठेवायच्या. म्हणजे घाबरून मागे फिरायचं नाही हा स्वभाव तेव्हापासूनचाच. आता १८४८ आणि १८९७ एकमेकांना धरून उभे राहिले, आणि मुलीला सालं घोकायला लागली नाहीत कारण ती गोष्टीतच आहेत.

टिळकांचं करायचं असेल तर शेंगा सोडा आणि मंडालेचा तुरुंग घ्या. १९०८ ते १९१४, ब्रह्मदेशात, घरापासून इतकं लांब, मधुमेहाचा त्रास, आणि तिथे बसून त्यांनी पेन्सिलीने अख्खं गीतारहस्य लिहून काढलं. पेनातली शाई संपली म्हणून गृहपाठ राहिला असं सांगणाऱ्या वर्गाला हे बरोबर लागतं. आणि १ ऑगस्टलाच अण्णाभाऊ साठेंची जयंती असते, १९२० सालची, टिळकांचं निधन झालं तोच दिवस. वाटेगावचा, शाळेची पायरी नीट न चढलेला मुलगा पुढे फकिरासारखी कादंबरी लिहितो, यावर बोलणारी मुलं तुलनेने कमी असतात, तेवढाच फायदा.

सुरुवात आणि शेवट

"अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजन वर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो, आज मी तुम्हाला जे काही दोन शब्द सांगणार आहे ते तुम्ही शांत चित्ताने ऐकून घ्यावे ही नम्र विनंती." हे पाठ असलेले निम्मे लोक आता आजोबा झालेत तरी वाक्य तसंच आहे. यात दहा-पंधरा सेकंद जातात. "अध्यक्ष महोदय, गुरुजन आणि मित्रमैत्रिणींनो" एवढं पुरे, मान राखला गेला, आता मुद्द्यावर या. काही मुलं आधी प्रसंगाच्या दोन ओळी बोलून मग अभिवादन करतात, जमलं तर छान वाटतं, पण काही परीक्षकांना ते आवडत नाही हेही सांगून ठेवते, तालुक्याच्या स्पर्धेत जुने लोक असतात.

शेवटी "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते, जय हिंद जय महाराष्ट्र" म्हटलं म्हणून गुण कापत नाहीत, फक्त त्याच्या आधीचं वाक्य दमदार हवं. बाकाचं उदाहरण सुरुवातीला दिलंय ना, मग शेवटी मुलीने स्वतः काय करणार ते सांगावं, तेही झेपेल एवढंच. "मी समाज बदलून टाकीन" नको. "वर्गात कुणी आजारी पडून चार दिवस घरी राहिलं तर त्याचा अभ्यास मी नेऊन देईन" हे चालतं, कारण ते होऊ शकतं.

भाषा, म्हणजे तोंडात बसणारी

लिहून झालं की मोठ्याने वाचायला लावा आणि तुम्ही कागद न बघता ऐका. जिथे दोनदा अडखळलं तिथला शब्द बदला, चूक शब्दाची, मुलाची नाही. अनन्यसाधारण, दैदीप्यमान, सिंहाचा वाटा, मोलाचे योगदान, हे शब्द सहावीतलं मूल एरवी कुठे वापरतं? मग स्टेजवर का? लांब वाक्य तोडून दोन करा, मी इथे लांबलचक लिहितेय ते चालतं कारण तुम्हाला मागे जाऊन परत वाचता येतं, ऐकणाऱ्याला ती सोय नसते.

उच्चारांबद्दल. ण-न, श-स, ळ-ल यांच्यावरून मुलांना फार छळतात. त्यावर काम करायचं पण वर्षभर, रोज पाच मिनिटं मोठ्याने वाचन करून. स्पर्धेच्या आठवड्यात "पानी नाही पाणी" करत बसलात तर मूल प्रत्येक ण ला दचकतं आणि पुढचं विसरतं. आणि घरची बोली भाषणात आली तर बिघडत काही नाही, गोष्टीतलं पात्र बोलत असेल तर उलट यावीच, मालवणी आजी प्रमाण मराठीत रागावली तर ऐकणाऱ्याला पटणार कसं.

चारोळी, शेर, सुविचार मिळून एक. फार तर एक. व्हॉट्सअॅपवर फिरणारी निम्मी वाक्यं कलाम सरांच्या नाहीतर विवेकानंदांच्या नावावर खपवलेली असतात, त्यामुळे कुठल्या पुस्तकात किंवा भाषणात आहे ते सांगता येत नसेल तर नाव जोडायचं नाही. आठवीच्या मुलांना खरंखुरं अवतरण हवं असेल तर डॉ. आंबेडकरांचं संविधान सभेतलं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण वाचायला द्या. राजकारणात समता पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण २६ जानेवारी १९५० ला पाऊल ठेवतोय, हा त्यातला मुद्दा त्या वयाला कळतो, आणि एका मोठ्या विचाराचे छोटे-छोटे तुकडे कसे पाडतात हे पण दिसतं.

पाठांतराचं काय? सुरुवातीच्या दोन ओळी आणि शेवटच्या दोन ओळी शब्दन् शब्द पाठ. मधलं फक्त टप्प्यांनी लक्षात ठेवायचं: प्लेग, पाठीवर, बाक, भिडेवाडा, साडी. पाच शब्द, छोट्या कार्डावर. विसरलं तर पुढच्या शब्दावर उडी मारायची, ऐकणाऱ्याला काय माहिती काय गाळलं ते. अख्खं घोकलेलं मूल एक शब्द हुकला की सगळंच बंद पडतं, मग छताकडे बघतं, मग आईकडे. आणि कंसात "हात वर करणे" असं लिहून देऊ नका प्लीज, मुलं वाक्य संपल्यावर आठवून हात वर करतात.

आता वादविवाद

इथे बहुतेक जण भाषणच लिहितात, फक्त आवाज चढवतात. वादविवादात समोर कुणीतरी असतं, तुमचं म्हणणं खोडायला बसलेलं, त्यामुळे तयारीच वेगळी लागते. बऱ्याच शाळांत दोघांची जोडी असते, एक अनुकूल बाजूने आणि एक प्रतिकूल बाजूने, कधी बाजू चिठ्ठी टाकून ठरते, खंडनाला, म्हणजे समोरच्याचे मुद्दे खोडायला, वेगळा मिनिट असतो किंवा नसतो. नियम विचारून घ्या हे परत सांगते.

शिक्षकांनो, विषय ठरवणं तुमच्या हातात असेल तर "मोबाईल: शाप की वरदान" कृपा करून टाळा. सगळे शेवटी "वापरावर अवलंबून आहे" यावर येऊन थांबतात, संपला वाद. दोन्ही बाजूंना खरंच दम असलेला विषय हवा, आणि करावं की करू नये असं स्पष्ट. "आठवीपर्यंतच्या मुलांकडे स्वतःचा मोबाईल असू नये" चालेल. आपल्याकडे तर याचं भारी उदाहरण आहे, आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा. टिळक आणि आगरकर, एकत्र शाळा काढणारे मित्र, आगरकर १८८१ पासून केसरीचे पहिले संपादक, पुढे मतं पटली नाहीत म्हणून बाहेर पडून १८८८ मध्ये त्यांनी सुधारक हे साप्ताहिक काढलं. आठवीला हा विषय द्या, दोन्ही बाजूंची मुलं तितकीच अडचणीत येतात, तीच तर मजा.

आपण सोपा विषय घेऊन बघू: "आठवीपर्यंत गृहपाठ बंद करावा."

पहिलं, विषयातला शब्दन् शब्द तपासा. बंद म्हणजे पूर्ण बंद की कमी? गृहपाठ म्हणजे फक्त लिहून आणायचं की पाढे म्हणणं, वाचन, प्रकल्प हेही? जी बाजू हे आधी सांगते तिचा पाया पक्का. अनुकूल बाजूने म्हणावं, "गृहपाठ म्हणजे घरी लिहून आणायचं सक्तीचं काम, वाचनाला आमचा विरोध नाही." एका वाक्यात समोरच्याचे दोन मुद्दे गेले.

मग कागद उभा दुमडा आणि आधी समोरच्या बाजूचे मुद्दे लिहा, आपले नंतर. मुलं कुरकुर करतात, "पण मी तर त्या बाजूने नाहीये ना", तरी लिहायला लावा. समोरचा काय बोलणार हे माहिती नसेल तर खंडन कशाचं करणार?

आपले मुद्दे तीनच. प्रत्येकाला तीन भाग, मत, कारण, पुरावा. "गृहपाठाने मुलं थकतात" हे नुसतं मत झालं. "कारण शाळा, शाळेचा प्रवास आणि क्लास यातच संध्याकाळ होते" हे कारण. पुरावा मात्र शोधायला लागतो. केंद्र सरकारचं २०२० चं स्कूल बॅग धोरण आहे, त्यात दुसरीपर्यंत गृहपाठ नकोच म्हटलंय आणि सहावी ते आठवीला दिवसाला जास्तीत जास्त एक तास. दप्तराचं वजनही मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं असं त्यातच आहे.

आता नीट बघा, ही एकच माहिती दोन्ही बाजूंना कशी चालते. अनुकूल बाजू म्हणेल, "गृहपाठाचं ओझं होतं हे सरकारनेच मान्य केलंय, नाहीतर मर्यादा घालायची गरजच काय होती?" प्रतिकूल बाजू उठून म्हणेल, "माझी मैत्रीण जे धोरण दाखवतेय त्यातच सहावी ते आठवीला एक तास ठेवलाय. मर्यादा घाला असं लिहिलंय, बंद करा असं नाही. आजचा विषय बंद करण्याचा आहे." इथे प्रतिकूल बाजूला जास्त गुण पडणार, कारण तिने समोरच्याचाच पुरावा उचलून विषयाच्या शब्दाला नेऊन भिडवला. मग अनुकूल बाजूने तयारीत काय करायला हवं होतं? हे उत्तर येणार हे ओळखून आधीच एक वाक्य जोडायचं, की दुसरीपर्यंत सरकारने पूर्ण बंदच केलाय, म्हणजे बंद करता येतं हे सिद्ध झालंय, आम्ही फक्त तीच रेषा आठवीपर्यंत वाढवा म्हणतोय.

दुसरा पुरावा मुलांनी स्वतः गोळा करावा, वर्गातच. चिठ्ठीवर नाव न लिहिता उत्तर घ्यायचं, काल तुझा गृहपाठ कुणी केला? स्वतः, आई-बाबांनी, क्लासमध्ये, की मित्राच्या वहीतून? आकडा काहीही येवो, तो खरा आकडा असतो आणि कसा काढला ते विचारलं तर मुलाला सांगता येतं. "एका सर्वेक्षणानुसार ८० टक्के" असलं हवेतलं काही परीक्षकांनी विचारलं, कुठलं सर्वेक्षण, की पोरं गार होतात.

खंडन कसं लिहायचं

खंडन आधी लिहिता येत नाही असं सगळ्यांना वाटतं, पण बरंचसं येतं. दुमडलेल्या कागदावर समोरच्या बाजूचे जे मुद्दे आहेत त्यातल्या प्रत्येकाला एक छोटं कार्ड करा. वर त्यांचा मुद्दा, खाली आपलं उत्तर दोन वाक्यांत. वाक्याचा साचा देऊन टाका: "प्रतिस्पर्धी म्हणाले की गृहपाठाने सराव होतो. सराव हवाच, आमचंही तेच म्हणणं आहे, पण चुकलं तर सांगायला शिक्षक समोर असतात तेव्हा, म्हणजे शाळेत." आधी त्यांचं म्हणणं जसंच्या तसं सांगायचं, त्यातलं जे खरं ते मान्य करायचं, आणि मग "पण" म्हणायचं. मान्य केल्याने बाजू पडते असं मुलांना वाटतं म्हणून ती सगळंच खोडत सुटतात आणि मग हट्टी दिसतात.

समोरचा बोलत असताना पेन चालू हवं. आपलं भाषण मनात म्हणत बसायचं नाही. सगळं लिहून घ्यायची गरज नाही, दोन-तीन शब्द, आणि शेजारी कार्डाचा नंबर. जो मुद्दा तयारीत नव्हताच त्याला उत्तर येत नसेल तर सोडून द्या, तीनपैकी दोन मुद्दे नीट खोडले तरी खूप झालं. आणि "माझ्या मित्राला बहुतेक विषयच कळलेला नाही" असली वाक्यं नकोत, पोरं हसतात, टाळ्या पडतात, परीक्षकांच्या कागदावर मात्र उलटं होतं.

जोडी असेल तर दोघांनी एकमेकांचं ऐकलेलं हवं, कारण अनुकूलवाल्याने घातलेली व्याख्या त्याच्याच जोडीदाराला दुसऱ्या बाजूने फोडायची असते. याची तयारी घरी जेवताना होते. पहिले दोन दिवस मुलाने स्वतःची बाजू मांडायची आणि तुम्ही विरोध करायचा, तिसऱ्या दिवशी न सांगता बाजू बदला. आजी-आजोबांना पण घ्या, ते नियम पाळत नाहीत, मध्येच "आमच्या वेळी असलं नव्हतं" सुरू करतात, आणि स्पर्धेत नेमकं तेच येतं. स्टॉपवॉच लावायला विसरू नका. वेळ संपत आल्याची पहिली घंटा झाली की नवीन मुद्दा काढायचा नाही, हातातलं वाक्य पूर्ण करायचं आणि शेवटच्या दोन ओळींवर यायचं, हे एवढं तरी घंटा वाजवून वाजवून करून घ्या. घंटा नसेल तर स्टीलचा पेला आणि चमचा चालतो.